चित्रपटातल्या लावणीत बाईचं चित्रण तपासताना नेमकं काय मोजायचं?

शब्दवेडी: एम.ए.च्या प्रकल्पासाठी चित्रपटातल्या ३० लावण्या निवडल्यात. 'सभ्य' आणि 'अश्लील' असे दोन रकाने केले, पण निम्मी गाणी दोन्हीकडे बसतायत. वर्गवारी कशी करावी?

ढोलकीचा_तोडा: आधी ते दोन रकाने खोडा. त्यात गाण्यापेक्षा तुमचीच नजर मोजली जाते. प्रत्येक कडव्याला विचारा: बोलतंय कोण, कुणाशी, आणि करणारं कोण? मराठीत हे सोपं आहे. 'गेले' की 'गेलो' यावरून बोलणारी व्यक्ती कळते. 'गं', 'राया', 'पाव्हणं' यावरून ऐकणारी.

'बुगडी माझी सांडली गं' ('सांगत्ये ऐका', १९५९) बघा. बुगडी कानाच्या वरच्या पाळीत घालतात. ती साताऱ्याला जाताना पडली, म्हाताऱ्याला चुगली सांगू नका, ही विनवणी 'गं' म्हणून बायकांनाच आहे. तेवढा 'गं' सुटला तर समोर पुरुष बसलाय असं धरून सगळा अर्थ लावाल.

सोलापुरी_चादर: शब्द, आवाज आणि पडदा यांना वेगवेगळे रकाने द्या. याच गाण्यात लेखणी गदिमांची, चाल वसंत पवारांची, गळा आशाबाईंचा आणि पडद्यावर जयश्री गडकर. सरसकट 'बाई म्हणते' लिहिलंत तर परीक्षक तिथेच अडवतील.

'वाजले की बारा' ('नटरंग', २०१०) तर एका रकान्यात मावतच नाही. शब्दांत घरी निघायची घाई, ढोलकीत मात्र ऐकणाऱ्याला बसवून ठेवायची ओढ.

शब्दवेडी: मैत्रिणीनेही तपासलं, पण आमच्या नोंदी जुळत नाहीत. शिवाय बैठकीच्या लावण्याही यादीत घ्याव्यात का?

ढोलकीचा_तोडा: आधी ५ च गाणी घ्या आणि एकमेकींचं न बघता नोंदवा. जिथे फरक पडेल तिथे व्याख्या ढिली आहे; ती नीट लिहा आणि ती ५ पुन्हा पहिल्यापासून करा. दोघींनी एकच चित्रफीत बघा, मूळ चित्रपटातली. यूट्यूबवर स्टेज शोचा नाच पुढे येतो आणि पडद्याचा रकाना चुकतो.

बैठकीची लावणी या तक्त्यात नको. तिथे गायिका बसून एकच ओळ दहा वेळा घोळवते, दर वेळी अदा वेगळी. कागदावर ती ओळ एकदाच दिसते.

सोलापुरी_चादर: आणि लावणी म्हणजे शृंगारच, असं प्रस्तावनेत लिहू नका हो. पेशवाईतल्या शाहीर राम जोशींनी उपदेशाच्याही लावण्या रचल्यात.