दोन वाक्ये आणि एक स्वल्पविराम
प्रश्न असा आहे की, दोन पूर्ण इंग्रजी वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली तर बिघडते कुठे. मराठीत ‘पाऊस आला, आम्ही घरी परतलो’ हे बिनदिक्कत चालते, म्हणूनच ‘इट रेन्ड, वी वेंट होम’ आपल्याला खटकत नाही. औपचारिक इंग्रजीत मात्र ती चूकच धरली जाते. तिथे अर्धविराम (;) द्यावा, किंवा स्वल्पविरामानंतर ‘अँड’, ‘सो’ असे उभयान्वयी अव्यय घालावे. ‘हाउएव्हर’ने हे काम होत नाही, कारण ते क्रियाविशेषण आहे: अशा जोडणीत त्याच्याआधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम हवा. भाषांतराचे मसुदे तपासताना सर्वाधिक दुरुस्त्या मी याच एका शब्दापाशी करते, आणि दर वेळी कारणही समासात लिहून देते. अपूर्णविरामाचे (:) तुलनेने सोपे आहे. त्याच्याआधीचे वाक्य स्वतंत्रपणे पूर्ण असावे. ‘वी नीड’ या शब्दांनंतर थेट अपूर्णविराम देऊन यादी सुरू करू नये, ‘वी नीड टू थिंग्ज: राइस अँड ऑइल’ असे लिहावे.