मदत हवी आहे: गल्लीतल्या चौकात गाड्यांचा वेग कसा आवरायचा?
आमच्या दोन गल्ल्या जिथे छेदतात, तिथे अगदी कोपऱ्याला चिकटून गाड्या लावतात. आडव्या रस्त्यावरून काय येतंय ते बघायला दुचाकीचं पुढचं चाक चौकात घालावंच लागतं. लहान मुलं तर बॉनेटमागे दिसतच नाहीत.

सगळे म्हणतात, गतिरोधक टाका. मला तेवढ्याने भागेल असं वाटत नाही (मणक्यांचं काय होईल ते वेगळंच!). ताशी ३० किमीपेक्षा ५० च्या वेगात धडकेची ऊर्जा पावणेतीन पट होते, म्हणून वेग चौकाआधीच उतरायला हवा. कोपऱ्यावरचं पार्किंग बंद करणं, पदपथ पुढे वाढवणं किंवा अख्खा चौकच उंच करणं, यातलं कुणी करून घेतलंय का? नजर मोकळी झाल्यावर लोक उलट जास्तच सुसाट सुटतात का? अर्जासोबत काय जोडलं की दखल घेतात?