लाल केसांच्या क्लायंट: थ्रेडिंग, टिंट, मेंदी, स्किन... अनुभव असणाऱ्यांनी सांगा ना

दोरा_आणि_आरसा

नमस्कार मैत्रिणींनो, थोडं मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. सांगलीत माझं स्वतःचं पार्लर होतं ११ वर्षं, मिस्टरांच्या नोकरीमुळे सप्टेंबरात ग्लासगोला आलो आणि आता इथे एका मॉलमध्ये आयब्रो काउंटरवर काम करतेय. थ्रेडिंग म्हणजे माझ्या हातचा मळ, त्यामुळे कामाची भीती अशी नव्हतीच.

पहिल्याच आठवड्यात एक मुलगी आली, केस अगदी नुकत्या घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखे, आणि भुवया दिसेचनात. म्हणजे होत्या, चांगल्या दाट होत्या, पण मुळाशी तांबूस आणि टोकाला काचेसारख्या. मी सवयीने पावडर लावली तर होतं नव्हतं तेही गायब. डाव्या भुवईचं शेपूट आखूड झालं माझ्याकडून. तिने आरशात बघितलं, काही बोलली नाही, उलट टिप ठेवून गेली, पण मला रात्रभर झोप नाही. आणि कपाळ असं लाल झालं होतं की जणू मी ठेचा चोळलाय, आपल्याकडे दहा मिनिटांत उतरतं ते हिचं पाऊण तासाने पण तसंच होतं, नंतर मॉलमध्ये दिसली तेव्हा बघितलं मी.

आता विचारायचंय ते असं की भुवई दिसण्यासाठी काय करता, टिंट म्हणजे भुवईला लावायचा रंग कुठला आणि किती वेळ? दुसरं, आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, वय ६१, केस आयुष्यात कधी रंगवले नाहीत, पूर्वी लालभडक होते म्हणे, आता वाळूसारखे फिकट झालेत आणि कानाजवळ पांढरे, त्यांना माझ्याकडून मेंदी लावून हवीय, जुना रंग परत येईल का विचारतायत. मला धीर होत नाहीये. आणि तिसरं, या सगळ्या बायका मला विचारतात तुम्ही इंडियन बायका चेहऱ्याला काय लावता, मी हळद-बेसन सांगायला जाते आणि अडखळते, या कातडीला चालेल का काहीच अंदाज नाही.

लीड्सची_मावशी

अगं सगळ्यात आधी ते शेपूट डोक्यातून काढ, तीन-चार महिन्यांत येईल भरून. मी इथे १४ वर्षं दोरा ओढतेय आणि सुरुवातीला माझंही हेच झालं होतं.

पावडर बंद कर लाल आणि सोनेरी केसांना. पावडरने आपले काळे केस उठून दिसतात, त्यांचे बुडतात. आणि क्रम उलटा कर, टिंट आधी, थ्रेडिंग नंतर. टिंट केल्यावर ती काचेसारखी टोकं दिसायला लागतात आणि तुला कळतं की भुवई कानाकडे अजून एवढी लांब आहे. शिवाय दोरा फिरवल्यावर मुळं उघडी पडलेली असतात, त्यावर टिंट लावलं की झोंबतं आणि कातडीवर डाग बसतो. काळा टिंट हातात पण घेऊ नकोस, लाइट ब्राऊन घे, त्यात कणभर लाल किंवा कॉपर मिसळ. आणि वेळ! आपल्या केसांना पाच-सात मिनिटं ठेवायची सवय असते, यांच्या भुवईवर मिनिटभरात रंग चढलेला असतो. मी तीस-तीस सेकंदांनी ओल्या कापसाने एक कोपरा पुसून बघते. कमी झालं तर परत लावता येतं, जास्त झालं तर ती बिचारी तीन आठवडे रागावल्यासारखी दिसते.

दिव्याचं पण बघ. वरून पडणारा पांढरा दिवा उपयोगाचा नाही, बाजूने तिरका पाहिजे, मग बारीक लव सावलीने दिसते.

पॅच टेस्ट मात्र कधीही चुकवू नकोस, ४८ तास आधी, कानामागे नाहीतर कोपराच्या आत थोडंसं टिंट लावून बघायचं. क्लायंट म्हणतात मी नेहमी करते, काही होत नाही, तरी नाही म्हणायचं. आणि मुरुमांसाठी गोळ्या किंवा रेटिनॉलचं क्रीम चालू आहे का हे विचारल्याशिवाय दोरा उचलायचा नाही, वरची कातडी सोलवटून निघते. लाली उतरायला गार पाण्याचा कपडा, साधं कोरफडीचं जेल, आणि त्या दिवशी गरम शॉवर, मेकअप नको.

सुमनकाकू_मिरज

सांगलीची म्हणजे माझ्या शेजारचीच की गं! त्या मुलींना कच्चं दूध, हळद, डाळीचं पीठ आणि अर्धं लिंबू सांग, आमच्या तीन पिढ्यांनी लावलंय. आणि त्यांच्या तोंडावर ते तपकिरी ठिपके असतात ना, त्याला आमच्या गल्लीतल्या मुलीने मेडिकलमधून ट्यूब आणली होती, महिन्याभरात चेहरा लख्ख. नाव विचारून सांगते.

त्वचा_डॉक्टर_नाशिक

काकू, मायेने लिहिलंय हे दिसतंय पण ती ट्यूब कृपा करून कोणालाही सांगू नका, लाल केसांच्या बाईलाही नको आणि त्या गल्लीतल्या मुलीलाही नको. मेडिकलमधून अशी ट्यूब येते त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं तिन्ही असतं. महिनाभर चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल रेघा दिसायला लागतात, बारीक पुरळ येतं आणि क्रीम बंद केलं की आग आग होते. माझ्या ओपीडीत आठवड्याला अशा मुली येतात.

दोरा_आणि_आरसा, तुझ्या क्लायंटची कातडी आपल्यापेक्षा नाजूक म्हणजे नक्की काय ते सांगते, म्हणजे तुला पुढचं आपोआप सुचेल. मेलॅनिन दोन प्रकारचं असतं, काळपट-तपकिरी युमेलॅनिन आणि लालसर-पिवळं फिओमेलॅनिन. एमसी१आर नावाचं एक जनुक आहे, लाल केसांशी त्याचा संबंध १९९५ मध्ये सापडला. त्यात बदल झालेला असला की शरीर काळपट ऐवजी लालसर मेलॅनिनच जास्त बनवतं, आणि हे लालसर मेलॅनिन उन्हापासून जवळजवळ राखणच करत नाही. बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून तो बदल यावा लागतो, म्हणून जगात शंभरात एक-दोनच माणसं अशी, स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये मात्र पुष्कळ. आम्ही याला त्वचेचा पहिला प्रकार म्हणतो, ऊन लागलं की भाजते, काळवंडत नाही. आपण उन्हात रापतो आणि रापणं हीच आपली छत्री, ती त्यांच्याकडे नाही.

आता हळद-लिंबू. लिंबाच्या सालीत आणि रसात असे पदार्थ असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, आपल्यालाही येतात पण या कातडीवर फार लवकर. बावची असलेलं कुठलंही तेल-लेप तर अजिबात नको, आपण ती कोडावर वापरतो ती याच गुणामुळे. हळदीने अपाय असा सहसा नाही, पण भुवया आणि कपाळावरची लव पिवळीधमक होईल आणि दोन दिवस राहील. बेसनाने घासणं पण नको. त्यांतल्या बऱ्याच जणींना रोझेशिया असतो, गाल आणि नाक सारखं लाल, मग पार्लरची वाफ, गरम टॉवेल, स्क्रब सगळंच त्रास देतं. साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर सांग आणि सनस्क्रीन सांग.

सनस्क्रीन एसपीएफ ५० चं, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर लांब रेघ येईल इतकं, आणि बाहेर असेल तर दर दोन तासांनी परत. एसपीएफ ३० उन्हातली भाजणारी युव्हीबी किरणं साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० चं ९८, म्हणजे आकड्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. खोबरेल तेल सनस्क्रीनचं काम करत नाही, हे व्हॉट्सअॅपवर फिरत असतं म्हणून सांगितलं.

ठिपके म्हणजे फ्रेकल्स, तो आजार नाही, उन्हाळ्यात गडद होतात, हिवाळ्यात फिकटतात. त्यांना हात लावायचा नाही. पण तू चेहरा इतक्या जवळून बघतेस, तुझ्या डोळ्यांचा उपयोग कर. एखादा तीळ दोन्ही बाजूंनी सारखा नाही, कड वेडीवाकडी आहे, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरापेक्षा मोठा आहे किंवा मागच्या वेळेपेक्षा बदललाय, तर शांतपणे म्हण की एकदा जीपीला, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरला, दाखवून घ्या. लाल केसांच्या लोकांत कातडीच्या कॅन्सरचा धोका खरोखर जास्त असतो आणि त्यांच्यात तो कधी कधी काळा नसतो, नुसती गुलाबी गाठ असते, न भरणारी. तू रोगाचं नाव घेऊ नकोस, फक्त पाठव.

केशरंग_डब्लिन

डॉक्टरताईंना शंभर टक्के. मी मुंबईत ६ वर्षं कलरिस्ट होते, आता डब्लिनला ९ वर्षं, मेंदीचं मी सांगते.

त्या ६१ वर्षांच्या बाईंना मेंदी चालेल, उलट त्यांच्यासाठी फार चांगली, कारण मेंदीचा मूळ रंगच लाल-केशरी आहे. फक्त आपण सांगलीत जशी भिजवतो तशी भिजवायची नाही. लोखंडी कढई, चहाचं पाणी, कात, कॉफी, हे सगळं आपण रंग काळपट यावा म्हणून करतो. यांना तोच नकोय. काचेचा किंवा चिनी मातीचा वाडगा घे, शुद्ध मेंदी पावडर, कोमट पाणी आणि चमचाभर लिंबाचा रस. सांगलीच्या उन्हाळ्यात तीन तासांत रंग सुटतो, तुझ्या ग्लासगोच्या स्वयंपाकघरात रात्रभर ठेव. पुड्यावर काय लिहिलंय ते नीट वाच. पंधरा मिनिटांत काळा वगैरे असेल तर त्यात पीपीडी नावाचं डायचं रसायन असतं, ती मेंदी नव्हेच, केसांचा डाय आहे. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात आणि नंतर कधी सलूनमध्ये पेरॉक्साइड लागलं तर केस गरम होतात, तुटतात, कधी हिरवे होतात.

मेंदी पारदर्शक रंग आहे हे त्यांना आधी दाखव. फिकट लाल केसांवर सुंदर तांबूस येईल, कानाजवळच्या पांढऱ्यावर मात्र पहिल्या दिवशी गाजरासारखं चमकेल, दोन-तीन दिवसांत खोल होतं. आणि ती निघत नाही, वाढून कापावीच लागते. म्हणून आधी मानेजवळची एक बट कापून त्यावर करून बघ, तीन दिवस थांब, मग ठरवा.

मेंदी नको असेल तर सलूनचा रंग, पण तिथे पण ऐक. नुसती कॉपर शेड पांढऱ्या केसांवर टिकत नाही आणि भडक दिसते, त्यात त्याच पातळीची नॅचरल शेड निम्मी घालावी लागते, २० व्हॉल्यूम ताकदीच्या पेरॉक्साइडने. पांढरे नसतील, नुसतं फिकटलं असेल तर कायमचा रंग कशाला, कमी व्हॉल्यूमचा डेमी-परमनंट पुरतो, सहा-आठ आठवड्यांत हळूहळू उतरतो, मुळाशी रेघ येत नाही. शेडचे आकडे कंपनीगणिक वेगळे असतात हे विसरू नकोस, एका कंपनीत पॉइंट चार म्हणजे कॉपर, दुसरीकडे तोच चार म्हणजे लाल. मी नवीन असताना यात फसले होते आणि एका शिक्षिकेचे केस चेरीसारखे झाले होते, आजही तिची क्षमा मागावीशी वाटते.

लाल रंग सगळ्यात लवकर उतरतो, त्यामुळे सल्फेट नसलेला शांपू, कोमट किंवा गार पाणी, आणि उन्हात डोकं झाकून. जन्मतः लाल असलेल्या केसांना ब्लीच करायला कोणी सांगितलं तर दहा वेळा विचार करायला लाव, ते लालसर मेलॅनिन लवकर निघत नाही, केस थकतात आणि मधेच नारिंगी-पिवळ्यावर अडकतात.

रत्नांग्रीची_आजी

मी काही पार्लरवाली नाही, पण आमची सून अ‍ॅबर्डीनची, केस लाल, तेव्हा घरातलं सांगते.

लग्नानंतर पहिल्यांदा मे महिन्यात रत्नागिरीला आली. सनस्क्रीन सगळीकडे लावलं होतं पोरीने, हात, पाय, कानाच्या पाळ्यासुद्धा. मी हौसेने मधोमध भांग पाडून वेणी घालून दिली आणि आम्ही पावसला जाऊन आलो. संध्याकाळी म्हणते आई, डोकं दुखतंय. बघते तर भांग कुंकू भरल्यासारखा लाल, हात लावू देईना. चार दिवसांनी कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी निघाली. त्यांच्याकडे एवढं ऊन कधी डोक्यावर येतच नाही, तिला तरी काय ठाऊक. तेव्हापासून मी तिच्यासाठी सुती ओढणी वेगळी ठेवलीय. तुझ्या बायका भारतात, स्पेनला सुट्टीला जातात तेव्हा भांगाचं आवर्जून सांग.

आणि गंगावन तिच्या केसांना कुठेच मिळेना, सगळी काळी. काळे आकडे पण लाल अंबाड्यात मुंग्यांसारखे दिसतात. शेवटी तपकिरी पिना शोधल्या आणि अबोलीऐवजी मोगऱ्याचा जाड गजरा. बाटली हिरव्या रंगाचा शालू, हातात हिरवा चुडा, आणि काजळ काळं नाही, तपकिरी. काय दिसत होती म्हणून सांगू!

अजून एक. तिला शाळेत केसांवरून फार चिडवायचे. जिंजर म्हणून हाका मारायचे, मुलं मागून केस ओढायची. वयाच्या तेराव्या वर्षी तिने स्वतः काळा रंग लावला होता. हे तिने मला रात्री तेल लावून घेताना सांगितलं. म्हणून तू आपणहून तो शब्द वापरू नकोस, ती म्हणाली तर गोष्ट वेगळी. आणि ठिपके झाकून देऊ का असं तर विचारूच नकोस. तिला वाटलं तर ती सांगेल.

दोरा_आणि_आरसा

सगळ्यांचे किती आभार मानू. आज्जी, तुमचं वाचून डोळे भरून आले.

शनिवारी ती पहिली मुलगी परत आली! गुरुवारी पॅच टेस्टला बोलावलं होतं, काही झालं नाही, मग टिंट आधी केलं, लाइट ब्राऊन आणि कणभर कॉपर, बरोबर दीड मिनिट. मावशी तुम्ही म्हणालात तसं पुसलं आणि मला एकदम अख्खी भुवई दिसली, कानाकडे किती लांब जात होती ती. डावीकडचे नवीन केस पण यायला लागलेत, त्यांना हात लावला नाही. तिने आरसा हातातून खाली ठेवलाच नाही बराच वेळ.

खालच्या बाईंची बट कापून काचेच्या वाडग्यातली मेंदी चार तास लावली, आज तिसरा दिवस. त्यांनी स्वतःच्या लग्नाचा फोटो आणला होता, खिडकीत उजेडात दोन्ही शेजारी धरून बघितलं आम्ही. रंग तोच आहे पण एक छटा गडद, आणि पांढरे केस जास्तच केशरी. त्यांना थोडं फिकट हवंय. केशरंगताई, कशात मिसळू?

केशरंग_डब्लिन

कॅशिया पावडर, म्हणजे लाल रंग न देणारी, मेंदी फिकी करायला मिसळायची पावडर, मिळेल तिथे न्यूट्रल हेना नावाने. पांढऱ्या केसांवर निम्मी-निम्मी, बाकीच्यांवर तीन भाग मेंदी, एक भाग कॅशिया, दोन वाडगे वेगळे ठेव. आणि आधी परत एक बट कर गं.