आजी ब्याण्णव वर्षं जगली म्हणून चूल निर्दोष?

सायंतारा (धागाकर्ती)

काल 'माळावरचा बाभूळ' यांचं पोस्ट वाचलं आणि रात्री झोप लागेना, म्हणून हा वेगळा धागा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हवामानबदल हे गोऱ्यांचं दुखणं, धूर केला त्यांनी आणि विझवायच्या आमच्या चुली. फायदा झालाच तर 2100 साली, तोवर आपण कोण आणि ते कोण. शिवाय त्यांची आजी चुलीवर रांधून ब्याण्णव वर्षं जगली.

बाभूळराव, आजींना नमस्कार. त्यांच्या जावा किती वर्षं जगल्या, तेही एकदा घरी विचारा.

माझी आई बीड जिल्ह्यातली. तीस वर्षं पऱ्हाटी, तुराटी आणि शेणी. पावसाळ्यात शेणी ओल्या. धूर आढ्यापासून खाली उतरत यायचा, मग ती जमिनीला जवळजवळ गाल टेकवून फुंकणी मारायची, कारण खालच्या तेवढ्या वीतभर हवेतच श्वास घेता यायचा. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं की मागे पांढरा चौकोन दिसायचा, बाकी भिंत काळी. आता ती पाठीला दोन उशा लावून बसल्या बसल्याच झोपते. छातीच्या डॉक्टरांनी विडी ओढता का विचारलं, तर तिला वाटलं मिश्रीचं विचारताहेत. म्हणाली, "सोडली हो, तीन वर्षं झाली." निदान सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा कायमचा, दम कोंडणारा आजार.

आता मुद्दा. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो, त्यामुळे आज कमी केला तरी फरक नातवंडांना कळणार, हे कबूल. पण तेच लाकूड, तोच कोळसा, तेच डिझेल जाळताना जी काजळी निघते, ती काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली बसते. जाळणं थांबलं की त्याच महिन्यात श्वास मोकळा. आणि काजळी ऊन शोषते, म्हणजे हवा तापवायलाही तीच आणि छातीत बसायलाही तीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2020 या एका वर्षात घरातल्या धुराने जगात 32 लाख माणसं गेली, त्यांत सव्वादोन लाखांहून जास्त पाच वर्षांखालची लेकरं. कसलं 2100 घेऊन बसलात?

माळावरचा बाभूळ

ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. हे मनापासून. पण,

एक, यात हवामान कुठून आलं? गॅसही जमिनीखालूनच येतो. आईंना गॅस द्या, बिनदिक्कत द्या. त्याला 'हवामानासाठी' हे लेबल कशाला?

दोन, तुम्हाला आकडे आवडतात म्हणून सांगतो. बायांना गॅस देऊन बघायचा मोठा प्रयोग चार देशांत झाला, आपलं तमिळनाडूही त्यात होतं. तीन हजारांवर गरोदर बाया, निम्म्यांना शेगडी आणि सिलिंडर फुकट. धूर भरपूर घटला. बाळांचं वजन? 2022 साली निकाल आला, म्हणण्यासारखा फरक नाही. पुढे न्यूमोनियाचंही तेच. हे कुणी सांगत नाही.

तीन, गॅसवरच्या भाकरीला चव नसते. हा मुद्दा कुणीही खोडून दाखवावा.

सायंतारा

प्रयोग मलाही माहीत आहे. त्या बायांना दिवस गेल्यावर गॅस आला, त्याआधी आयुष्यभराचा धूर छातीत होताच. आणि बाळाचं वजन वाढलं नाही म्हणून आईच्या फुप्फुसाचा हिशेब मिटत नाही. माझी आई तर तुमच्या निकालात कुठेच बसत नाही, ती साठ वर्षांची आहे.

गॅसचं म्हणाल तर ओलं लाकूड अर्धवट जळतं तेव्हा त्यातून मिथेनही निघतो, कार्बन मोनॉक्साइडही. लाकूड निसर्गाचंच म्हणाल, तर झाड तोडलं आणि परत उगवलं नाही तर ते कसलं निसर्गाचं? गॅस ही मधली पायरी. पुढे गोबर गॅस आहे, विजेची शेगडी आहे.

वर्धाकाठ

विजेची शेगडी म्हणे! तुमचं चूल-चूल चालू द्या, आमच्या चंद्रपुरात 2920 मेगावॅटची चूल आहे अन् ते कधीच विझत नाई. गच्चीवर पापड वाळू घातले तं संध्याकाळी झटकून घ्या लागते. तुम्ही तिकडे बटन दाबून भात शिजवता, धूर आमच्याकडे पार्सल.

विजकेंद्राच्या धुराड्यातला गंधक कमी करा असा नियम 2015 ले निघाला. मुदत 2017. मग वाढली, परत वाढली. जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच देऊन टाकली. तेव्हा आईच्या चुलीवर लिहायच्या आधी या मोठ्या चुलीवर एक धागा काढा. आमची पोरं बी माणसंच आहेत.

सायंतारा

वर्धाकाठ, हे मान्य. विजेच्या शेगडीमागे कोळसाच असेल तर मी धूर फक्त पत्ता बदलून पाठवला. म्हणूनच सौर वीज हा तुमच्या पापडांचाही प्रश्न आहे. कोळशाचं एक धुराडं बंद झालं की तुमच्या गच्चीला पहिल्या दिवसापासून फायदा.

वर्धाकाठ

बंद झालं की. हां. वाट पाहून राहिलो.

टेम्सकाठचा कुलकर्णी

इथे लंडनमध्ये डिसेंबर 1952 मध्ये पाच दिवस कोळशाचा धूर शहरावर बसून राहिला. आधी चार हजार मेले म्हणाले, नंतरच्या अभ्यासात आकडा बारा हजारांपर्यंत गेला. मग 1956 चा स्वच्छ हवेचा कायदा. तेव्हा हवामानबदल हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता, लोकांना नुसता श्वास घ्यायचा होता. सायंताराताईंना सहमत.

अवांतर: ऑगस्ट 2023 पासून सगळ्या लंडनला तो जुन्या गाड्यांवरचा कर लागू झालाय. माझी डिझेल गाडी ठणठणीत होती. रस्त्यावर काढली की रोज साडेबारा पौंड! विकली शेवटी मातीमोल भावात. स्वच्छ हवा मिळाली, खिसाही स्वच्छ झाला.

माळावरचा बाभूळ

वा! साहेबांचा देश आधी कोळसा जाळून श्रीमंत झाला, मग हवा धुतली, आता त्यांचे कुलकर्णी आम्हाला शिकवणार. उज्ज्वला 2016 ला आली, 2019 ला आठ कोटीवं कनेक्शन आमच्या संभाजीनगरात वाटलं, फोटो निघाले. मार्च 2023 ला सिलिंडर अकराशेच्या वर. दोनशे परत मिळत होते, पण आधी अकराशे काढायचे कुठून? आमच्या गल्लीत त्या सिलिंडरवर पाण्याची घागर ठेवतात. आणि भाकरीचं कुणीच बोललं नाही अजून.

पीठगिरणी

मी बोलते. चवीचा संबंध चुलीशी कमी आणि पिठाशी जास्त. ज्वारी दळून महिना झाला की पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना चिरते, फुगत नाही आणि आळ येतो गॅसवर. मंगळवेढ्याची मालदांडी आणा, आठवड्यापुरतीच दळा, पाणी गरम घ्या. तव्यावर पाठ शेकली की थेट ज्योतीवर धरा. फुगली नाही तर मला सांगा.

माळावरचा बाभूळ

निखाऱ्याला टेकवलेल्या भाकरीला जो वास असतो तो ज्योतीवर येत नाही. बाकी पिठाचं मान्य, थोडंसं.

पीठगिरणी

तो वास धुराचा असतो भाऊ. तोच, ज्यावर हा धागा आहे.

हायवेवरचा अण्णा

नगर रोडला माझं हॉटेल आहे. बोर्ड आहेच, 'चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी'. मध्ये सहा महिने मागे गुपचूप गॅस लावला होता, गिऱ्हाईक आत येऊन "चूल दाखवा" म्हणायचं. मोबाईलवर व्हिडिओ काढायचा असतो त्यांना. परत चुली मांडल्या. शिकलेल्यांनी आम्हाला शिव्या घालू नयेत, मागणी तुमचीच आहे.

सायंतारा

अण्णा, गिऱ्हाईक एसीत बसतं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार चुलींपुढे कोण बसतं? किती तास? पगार किती? त्या बाईचा व्हिडिओ काढतं का कुणी?

हायवेवरचा अण्णा

पगाराचं तुम्ही काढू नका. मी दोन पिढ्या हे करतोय. माझी आईपण त्याच चुलीवर बसली, आयतं खाणाऱ्यांनी सांगू नये.

सायंतारा

आयतं? माझ्या आईचा नेब्युलायझर मी दिवसातून तीनदा लावते. तुम्ही एकदा लावून बघा, मग बोला.

टेम्सकाठचा कुलकर्णी

शांत व्हा दोघंही. धाग्याचं पार रणांगण झालं.

हायवेवरचा अण्णा

सकाळी डोकं गार झालं म्हणून लिहितो. मागच्या वर्षी शेडला मोठी चिमणी बसवली, पत्रा दोन हात वर घेतला. भाकऱ्या करणाऱ्या दोघी मावश्यांचा खोकला कमी झाला, हे खरं आहे. एकीचे डोळे पूर्वी संध्याकाळपर्यंत लाल व्हायचे, आता होत नाहीत. पण धूर बाहेर शेजारच्या वस्तीवर जातो, हे बायको परवाच म्हणाली. गोबर गॅसचं विचारून आलोय, दोन म्हशी आहेतच. बोर्ड काढणार नाही.

वर्धाकाठ

बोर्डावर 'म्हशीवरची भाकरी' लिहा. हलके घ्या.

माळावरचा बाभूळ

एवढं लिहितो आणि थांबतो. रात्री आत्याला फोन केला. आजीला चार जावा होत्या. दोघी साठीच्या आत गेल्या, घरात सगळे 'दमा' म्हणायचे. एक मधली कोपऱ्यात बसून सारखी खोकायची आणि आम्ही पोरं तिची नक्कल करायचो, हे आत्याने आठवण करून दिली. चुलीमुळे गेल्या असं मी म्हणत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. गोऱ्यांबद्दलचं मत तेच आहे. हे माझं शेवटचं पोस्ट.

माळावरचा बाभूळ

पीठगिरणीताई, पाणी कोमट घ्यायचं की उकळतं?