मदत हवी आहे: पॉपफाइलमधून मेल सर्व्हरशी एसएसएल जोडणी
नमस्कार. माझी येणारी मेल पॉपफाइल या माझ्याच संगणकावर चालणाऱ्या, मेलची वर्गवारी करणाऱ्या प्रोग्राममधून गाळून थंडरबर्ड या मेल वाचण्याच्या प्रोग्राममध्ये येते. मेलसेवेने आता ९९५ पोर्टवरची एसएसएल (कूटबद्ध) जोडणी सक्तीची केल्यामुळे मी थंडरबर्डमध्ये सर्व्हर १२७.०.०.१ (म्हणजे माझाच संगणक, जिथे पॉपफाइल चालते) व पोर्ट ११० तसेच ठेवून, युजरनेमच्या जागी सर्व्हरचे नाव, ९९५, मूळ युजरनेम आणि शेवटी एसएसएल हे सारे कोलनने जोडून लिहिले आहे. तरीही जोडणी होत नाही. पॉपफाइल वगळल्यास मात्र मेल व्यवस्थित उतरते. पॉपफाइल ज्या पर्ल भाषेत लिहिले आहे तिचे एसएसएल मॉड्यूल जुने झाले असावे अशी शंका आहे. ते कसे तपासावे? की पॉपफाइल आणि सर्व्हर यांच्यामध्ये एसटनेल हा एसएसएल जोडणी हाताळणारा वेगळा प्रोग्राम बसवून कूटबद्धीकरण त्याच्याकडे सोपवणे अधिक खात्रीचे? पासवर्ड याच वाटेने जात असल्याने सर्व्हरच्या प्रमाणपत्राची (त्याची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची) पडताळणी मला सोडायची नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.