एकही पंप न लावता आणलेलं पाणी

भीमथडी
काल आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकाने पोस्ट टाकली. म्हणे लॉस एंजेलिसने 1913 साली ओवेन्स खोऱ्यातून 375 किलोमीटर लांब पाणी आणलं, एकही पंप न लावता, नुसत्या उतारावर. आणि पुणं मात्र खडकवासला उशाला असून दौंड-इंदापूरच्या उसाला पाणी सोडत बसलंय. खाली टाळ्याच टाळ्या. तिथे बोललं की ॲडमिन "राजकारण नको" म्हणतो, म्हणून इथे लिहितोय.

ते पाणी कसं आणलं तेही वाचा की. सिएरा नेवाडाच्या पलीकडचं पर्जन्यछायेतलं खोरं, पाऊस वर्षाला पाचेक इंच, बाकी सगळी भिस्त डोंगरावरच्या बर्फावर. 1905 च्या सुमारास शहराचा माजी महापौर फ्रेड ईटन तिथे जमिनी घेत फिरला. लोकांना वाटलं, गुरं पाळणार असेल. ज्या सरकारी खात्याने खोऱ्याची सिंचन योजना करायची, त्याचाच इंजिनियर लिपिनकॉट शहराकडूनही पैसे घेत होता. नदी वळवली, 1926 पर्यंत ओवेन्स तलाव खडखडीत. तळाची खारी धूळ अशी उडायला लागली की ती बसवायला शहराने आजवर दोन अब्ज डॉलरच्या वर ओतलेत. याला टाळ्या?

सिव्हिल 86
पोस्ट माझी आहे. तिथे मूग गिळून बसलास आणि इथे येऊन भाषण?

तो कालवा बांधणारा शहराचा इंजिनियर मलहॉलंड कॉलेजात शिकलेला नव्हता. पाटाचा गाळ काढण्यापासून सुरुवात केलेला माणूस. त्याने वाळवंटातून, डोंगर फोडून पाच-सहा वर्षांत हे काम उभं केलं. आपल्याकडे तेवढ्यात एक उड्डाणपूल होत नाही. लुबाडणूक म्हणशील, तर ओवेन्स खोऱ्यातल्या तुझ्या त्या शेतकऱ्यांनी तरी पाणी कुठून आणलं होतं? तिथले मूळ रहिवासी पायूट लोक आधीपासून चर खणून तिथे पाणी फिरवत होते. 1863 मध्ये सैन्याने त्यांना फोर्ट तेहोनच्या लष्करी तळावर हाकललं, मग हे भूमिपुत्र झाले.

आणि आम्ही पाणी पिऊन टाकत नाही. प्रक्रिया करून मुंढव्याहून बेबी कालव्यात तुमच्याकडेच येतं. आधी ऊस कमी करा.

भीमथडी
येतं ना. एकदा ये आणि ते पाणी ओंजळीत घेऊन दाखव, पिऊ नकोस, नुसतं घे.

पायूटांचं खरं आहे. उसाचंही मान्य. चुलत्याचा तीन एकर आहे, ठिबक नाही, दर दिवाळीला त्यावरून आमचं भांडण होतं. झालं समाधान? पण तुझं ते 1913 चं पाणी पहिल्यांदा तहानलेल्यांच्या घशात नाही गेलं. शहराबाहेरच्या सान फर्नांडोच्या माळावर गेलं, तिथे बड्या धेंडांनी आधीच कवडीमोलाने जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. पाणी येणार म्हणून प्लॉटिंग. आपल्याकडे प्लॉटिंग झालं की टँकर.

चौथा मजला
टँकर म्हणालात म्हणून. फ्लॅट घेताना बिल्डरने "मुबलक पाणी" छापलं होतं. मुबलक आहे, दिवसाला सहा टँकर. आणि आम्ही म्हणे शेतकऱ्याचं पाणी पळवतो!

जुना वाडा
पंप न लावता पाणी आणायचं तर अमेरिका कशाला? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं ते उतारावरच. पेठांमध्ये अजून त्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवा सोडायचे मनोरे, सापडतात. 61 साली पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, तेव्हा आमच्या आजीने वाड्यातल्या आडाचं पाणी फडक्याने गाळून प्यायला दिलं. नारायण पेठेत आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी होतं.

शनिवारची
सातव्या? नारायणात त्याहून बरंच वर होतं. माझी आई पर्वतीवर पळाली होती, अंगावरच्या लुगड्यानिशी. परत आली तर स्वयंपाकघरात ढोपरभर चिखल आणि त्यात कुणाचं तरी हार्मोनियम. आमचं नव्हे. कुणी मागायलाही आलं नाही.

जुना वाडा
ताई, खूण अजून भिंतीवर आहे. सातवी म्हणजे सातवी.

शनिवारची
वाडा पाडून अपार्टमेंट झालं ना तुमचं? खूण कुठली दाखवताय?

सिव्हिल 86
विषय काय, चाललंय काय! पायऱ्या मोजताय?

भीमथडी
धरणफुटीवरून तुझ्या मलहॉलंडचं सांगतो. 12 मार्च 1928. त्यानेच बांधलेल्या सेंट फ्रान्सिस धरणाची गळती त्याने सकाळी स्वतः पाहिली, धोका नाही म्हणाला. मध्यरात्र व्हायच्या आत धरण गेलं. चारशेच्या वर माणसं.

सिव्हिल 86
आणि चौकशीत त्याने सगळा दोष स्वतःवर घेतला, मेलेल्यांचा हेवा वाटतो म्हणाला, हे गाळलंस. तुझ्या खोऱ्याचे पुढारीही सांग ना. 1924 मध्ये लोकांनी कालव्याची दारं ताब्यात घेतली, चार दिवस पाणी शहराकडे जाऊ दिलं नाही, पुढे सुरुंगही लावले. त्यांचे म्होरके वॉटरसन बंधू, बँकवाले. 1927 ला बँक बुडाली, अफरातफर निघाली, लोकांच्या ठेवी गेल्या, लढाही संपला. शहराने नाही हरवलं त्यांना.

भीमथडी
हे मात्र आमच्याकडच्या पतसंस्थेसारखं झालं. घे, एक गुण तुला.

मोसेखोरं
सकाळपासून वाचतोय. शहराचं पाणी, कालव्याचं पाणी. आमचं घर वरसगाव धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पातळी फार खाली गेली की देवळाचा चौथरा दिसतो, वडील होते तोवर काठावर जाऊन बसायचे. आमच्याकडच्या काही जणांना जमिनी दौंडला मिळाल्या, आता तेही कालव्याच्या पाण्यावरून पुण्याशी भांडतात. त्यांना काय म्हणायचं, पायूट की शेतकरी?

चौथा मजला
🙏

शनिवारची
माझ्या माहेरच्या शेजारणीकडे फोटो आहे. शोधून टाकते. अकरावी पायरी होती.

भीमथडी
मोसेखोरं, फोन करतो तुम्हाला. आत्ता नाही, आवर्तन सुटलंय आणि आज रात्री आमची पाळी आहे. चुलत्याला दिसत नाही नीट, दारं धरायला मलाच जायचंय. हो, उसालाच. सिव्हिल, हस.