मदत हवी आहे: आय-ट्वेंटी एन लाइन घेतोय, मॅन्युअल घेऊ की डीसीटी?

नमस्कार मंडळी,

गाडी ठरली आहे, गिअरबॉक्सवर अडलोय. गाडी म्हणजे ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन. १ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १२० पीएस ताकद, १७२ एनएम टॉर्क. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि ती माझ्या आवाक्यात आली. तिच्यात दोन पर्याय आहेत, ६ गियरचा मॅन्युअल आणि ७ गियरचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. डीसीटीला लाखभर जास्त पडतात, ते मी जमवेन. माझी अडचण वेगळी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कोथरूडला राहतो, ऑफिस हिंजवडी फेज ३ ला. अंतर जेमतेम २० किलोमीटर, पण संध्याकाळी परतताना सव्वा तास धरूनच चालायचं. सध्या ११ वर्षांची डिझेल हॅचबॅक आहे, तिचा क्लच आता चांगलाच जड झालाय. गेल्या वर्षी बॅडमिंटन खेळताना माझ्या डाव्या गुडघ्याचं मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, फाटलं. ऑपरेशन टळलं, पण गुडघा पूर्वीसारखा राहिला नाही. पावसाळ्यात एका संध्याकाळी मी सहज मोजायला घेतलं. ऑफिसच्या गेटपासून भूमकर चौक ओलांडेपर्यंत १८३ वेळा क्लच दाबला. त्या दिवशी घरी जिना चढताना कठडा धरावा लागला. आठवड्याचे पाच दिवस हेच चालू आहे.

दुसरी बाजू गावाची. आमचं गाव दापोलीजवळ. महिन्यातून एकदा तरी ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे आंबेत, मंडणगड असं करत जातोच. बाबा एसटीत २९ वर्षं चालक होते. मला गाडी त्यांनीच शिकवली, आणि त्यांनी सर्वांत आधी घोकून घेतलं ते घाटाचं: ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतरायचं, ब्रेक वळणाच्या आधी लागेल तेवढाच. ताम्हिणीत दुसऱ्या गियरला इंजिन गाडीला कसं मागे ओढून धरतं, ते सीटमध्ये बसल्या बसल्या जाणवतं. आवाज थोडा चढतो, ब्रेक थंड राहतात, पुढच्या वळणाला गाडी बरोबर हव्या त्या वेगात येते. मला गाडी चालवण्यातला सगळ्यात मोठा आनंद हाच वाटतो. एवढी दणकट सस्पेन्शनची, चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली गाडी घ्यायची आणि गियर मात्र कॉम्प्युटरने टाकायचा, हे मनाला पटत नाही.

दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. मॅन्युअलचा क्लच माझ्या जुन्या गाडीच्या निम्माही जड नाही, गियर छान खटकन पडतात. पण १८०० आरपीएमच्या खाली इंजिन जरा मलूल वाटलं, म्हणजे शहरात तिसऱ्यातून दुसऱ्यात सारखं यावं लागणार. डीसीटी मोकळ्या रस्त्यावर सुरेख वाटला. त्यात दोन क्लच असतात, एकावर विषम गियर आणि दुसऱ्यावर सम, त्यामुळे पुढचा गियर आधीच तयार असतो आणि बदलला ते कळतसुद्धा नाही. बावधनच्या ट्रॅफिकमध्ये मात्र ब्रेकवरून पाय काढला की क्षणभर काहीच होत नाही, मग क्लच हळूच धरतो. गाडी तासाला चार-पाच किलोमीटरने सरकत असताना आतला क्लच अर्धवट घासत असणार, हे तेव्हा पायाला कळत होतं.

माझी भीती इथेच आहे. हा डीसीटी कोरड्या क्लचचा आहे, म्हणजे क्लच तेलात बुडालेला नाही, हवेवरच थंड व्हायचा. भूमकर चौकात मे महिन्यात त्याला हवा कुठून मिळणार? कोरड्या क्लचचा ७ गियरचा डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा डीसीटी, आपल्याकडच्या त्यांच्या जुन्या पोलो जीटी टीएसआयमध्येही होता. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये डीएसजीसाठी एकट्या चीनमध्ये ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. ती कंपनी वेगळी, हा गिअरबॉक्स वेगळा, मध्ये बारा वर्षं गेली, हे मला कळतं. तरी मनातून जात नाही.

बाकीचे पर्यायही पाहिले. टाटाची अल्ट्रॉझ रेसर फक्त मॅन्युअलमध्ये आली, त्यामुळे गुडघ्याचा प्रश्न तसाच राहतो. २०२० नंतरच्या पोलो जीटीत १ लिटर टीएसआयला ६ गियरचा टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक मिळायचा. ट्रॅफिकमध्ये तो सगळ्यात बिनघोर, कारण तिथे सरकताना क्लच घासत नाही, तेलातूनच ताकद जाते. पण पोलो २०२२ मध्ये भारतात बंद झाली, म्हणजे सेकंड हँडच शोधावी लागेल.

घरातलं एक सांगायचं राहिलं. बायकोकडे लायसन्स आहे, पण ती स्कूटरच चालवते. तिने स्पष्ट सांगितलंय, क्लच नसेल तर मी गाडी घेऊन जाईन, असेल तर नाही. बाबा आता ७१ वर्षांचे आहेत. रात्री-अपरात्री मी घरी नसताना त्यांना दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर घरात गाडी चालवणारं दुसरं माणूस हवं. हे मला गाडीच्या आवाजापेक्षा आणि पिकअपपेक्षा नक्कीच मोठं वाटतं.

तर जाणकारांनी कृपया स्वतःच्या अनुभवावरून सांगावं. एन लाइन किंवा साधी आय-ट्वेंटी टर्बो डीसीटी कोणी ४०-५० हजार किलोमीटर अशाच ट्रॅफिकमध्ये चालवली आहे का? क्लच बदलावा लागला का, आणि किती खर्च आला? घाट उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा गियर टाकला तर तो टिकतो, की गाडी आपणहून तिसरा टाकते? आणि ज्यांचा गुडघा माझ्यासारखा आहे त्यांनी हलक्या क्लचची मॅन्युअल घेतली असेल, तर वर्षभराने काय वाटतंय?

भर (दहा दिवसांनी):

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने लिहाल असं वाटलं नव्हतं.

डीसीटीबद्दल तिघांनी एकच गोष्ट सांगितली, ती शोरूममध्ये कोणीच सांगितली नव्हती. पुढची गाडी हातभर सरकली की लगेच तिच्यामागे सरकायचं नाही. दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्यायची, एकदाच नीट पुढे जायचं आणि मग ब्रेक पूर्ण दाबून थांबायचं. ब्रेक पूर्ण दाबलेला असला की क्लच सुटलेला राहतो, घासत नाही. चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा. मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर गाडी धरणाऱ्याला आपण रागावतो, तीच चूक इथे न दिसता होते, हे आता नीट समजलं.

एकांनी आयएमटी सुचवली. २०२१ ते २०२३ च्या एन लाइनमध्ये ती यायची: गियरचा दांडा असतो, क्लचचं पेडल नसतं, दांडा हलवला की क्लच आपोआप सुटतो. माझ्यासारख्यासाठीच बनवल्यासारखी! एक पाहूनही आलो, चालवायला आवडली. पण गियर टाकायचेच असल्याने बायकोचा नकार कायम आहे, आणि बंद झालेला गिअरबॉक्स सेकंड हँड घेऊन कोकणात न्यायचं धाडस होत नाही.

रविवारी ऑफिसमधल्या मित्राच्या डीसीटीतून बाबांना घेऊन ताम्हिणीत गेलो. उतरताना डी वरून (त्यात गाडी आपणहून गियर बदलते) मॅन्युअल मोडवर घेऊन पॅडलने दुसरा गियर टाकला. पहिल्या तीव्र उताराला बाबांचा उजवा पाय तिथे नसलेल्या ब्रेककडे गेला, मी पाहिलं. दुसऱ्या वळणानंतर तो पाय मागे आला. खाली विळ्याला चहा पिताना ते एवढंच म्हणाले, "गियर धरतो रे हा. पण विसरून डी वर ठेवू नकोस."

सध्या मन डीसीटीकडे आहे. शनिवारी बुकिंगला जाणार आहे. तोपर्यंत कोणाला वाढीव वॉरंटीत क्लच धरतात की ती झीज म्हणून वगळतात, हे कागदावर वाचून माहीत असेल, तर कृपया लिहा. शोरूममध्ये दोघांनी दोन उत्तरं दिली आहेत.